पंचाचा शब्द खाली पडू देऊ नका

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळाचा आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या कबड्डी स्पर्धेत उपांत्य सामन्यात एका बोनस गुणावरून वाद झाला. प्रेक्षक मैदानात घुसले, पंचांची कॉलर धरली गेली, सामना अर्धवट सुटला. शेजारच्या दोन गावांतल्या पोरांमध्ये तेव्हापासून अबोला आहे. यंदा जानेवारीत १६ संघांची कबड्डी आणि सोबत ८ षटकांची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा घ्यायची आहे. मंडळाचं म्हणणं असं की खिलाडूवृत्तीचे फलक लावले, उद्घाटनाला शपथ घेतली, तरी शिवीगाळ थांबत नाही. आणखी काय करायचं?

शपथ जरूर घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. भांडण पेटतं तो क्षण आधी नीट बघा.

तुमचा वाद बोनसवरून झाला, यात नवल नाही. समोर किमान ६ बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकवला आणि त्याच वेळी त्याचा मागचा पाय हवेत असला, तरच गुण मिळतो. म्हणजे पंचाला एकाच क्षणी दोन पाय बघायचे असतात. आता मैदान बघा. माती, त्यावर फक्कीची रेषा, आणि त्याच रेषेवरून बचावाची साखळी सारखी पुढे-मागे पाय घासत असते. दहाव्या मिनिटाला रेषेचा मधला हातभर भाग मातीत मिसळून गेलेला असतो. पकड होईल की काय म्हणून पंचाची नजर हातांवर खिळलेली असते. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून परततो आणि हात वर करून बोनस मागतो. बचावाचे सगळे एका सुरात ‘नाही, नाही’ म्हणतात. पंच अडखळतो, दुसऱ्या पंचाकडे बघतो. तेवढ्या दोन सेकंदांत प्रेक्षक आपापला निर्णय देऊन मोकळे होतात. त्यानंतर पंचाने गुण दिला काय किंवा नाकारला काय, एका गावाला तो दबावाखाली दिलेला वाटणारच. कॉलरला हात पाच मिनिटांनी जातो, पण गणित बिघडतं ते या दोन सेकंदांत.

म्हणून कामाची सुरुवात रेषेपासून करा. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूला निदान एवढी तरी ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना १ मीटरची लॉबी, म्हणजे कडेची पट्टी. रेषांची रुंदी ३ ते ५ सेंटिमीटर चालते. मातीवर पूर्ण ५ ठेवा. मापं पावलांनी नको, टेपने घ्या, आणि दोन्ही संघांच्या कर्णधारांसमोर एकदा मोजून दाखवा. खुरप्याच्या टोकाने नखाएवढी उथळ चर ओढून तीत फक्की दाबली तर रेषा बरीच जास्त टिकते. चर त्यापेक्षा खोल नको, पाय मुरगळतो. कळीचा चुना वापरू नका; घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो. मध्यंतर ५ मिनिटांचं असतं. तेवढ्या वेळात दोन पोरं, एक दोरी आणि फक्कीचा डबा एवढ्यावर दोन्हीकडच्या बोनस आणि निदान रेषा पुन्हा उमटवून होतात. हे काम नावानिशी कुणाला तरी सोपवा, नाहीतर मध्यंतरात सगळे पाण्याच्या जारभोवती जमतात आणि रेषा तशीच राहते.

प्रेक्षकांसाठी मैदानाच्या चारही बाजूंनी बल्ल्या रोवून दोर बांधा आणि रेषेपासून दोरापर्यंत किमान ३ मीटर मोकळी जागा ठेवा. ज्याचे पाय रेषेला लागलेले असतात त्याला आत घुसायला एक पाऊल पुरतं. मुलींचे सामने असतील तर दोराजवळ महिला कार्यकर्त्या उभ्या करा आणि पहिल्याच अचकट शेऱ्याला तो माणूस बाहेर काढा. तिथे ताकीद वगैरे देत बसू नका.

आता पंच. नियमाप्रमाणे एक सरपंच (गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक अशी सहा माणसं लागतात. खेड्यात दोघांवर भागवलं जातं. त्यातला एक यजमान गावचा असतो, म्हणजे प्रत्येक वादात तो आधीच आरोपी असतो. सहाच्या सहा आणा, आणि त्यांपैकी सरपंच व पंच तरी दुसऱ्या तालुक्यातून आणा. तालुका-जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेकडे परीक्षा झालेले पंच असतात. ते नाही मिळाले तर माध्यमिक शाळांचे क्रीडाशिक्षक, किंवा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जाणारे महाविद्यालयांचे क्रीडासंचालक यांना विचारा. सामन्याआधी पंचांनी आपसात ठरवून घ्यावं की बोनसच्या वेळी पायांवर नजर कुणाची आणि स्पर्शावर कुणाची. एवढं ठरलं की ते अडखळणं जवळपास संपतं.

मानधन सामने सुरू होण्याआधी पाकिटात द्या. अंतिम सामन्यानंतर द्यायचं ठेवलं की पैसे मंडळाच्या मूडवर अवलंबून आहेत असं दिसतं, आणि यजमान संघ हरला असेल तर तो मूड कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी बाब याहून मोठी आहे. उद्घाटनाला येणाऱ्या आबा-अण्णांना फेटा, शाल, श्रीफळ. पंचाला मात्र उभ्या उभ्या अर्धा कप चहा. चारशे प्रेक्षक हे बघत असतात आणि त्यांना कळतं की या माणसाला इथे किंमत नाही. पंचांना सावलीत खुर्च्या द्या, पाहुण्यांसोबत व्यासपीठावर बसवा, माईकवरून त्यांची नावं आणि अनुभव सांगा. यात पैसे लागत नाहीत, आणि शिवीगाळीवर याच्याइतका उतारा कुठल्याही फलकात नाही.

नियमात तीन कार्डं आहेत. हिरवं म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एका गड्याने कमी. लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद. गावच्या स्पर्धेत ही कार्डं पंचाच्या खिशात असतात, बाहेर मात्र निघत नाहीत. ‘आपलीच पोरं आहेत, पहिलाच सामना आहे’ म्हणून पहिली शिवी सोडून दिली जाते, दुसरीला डोळे वटारले जातात, आणि चौथ्या शिवीला लाल कार्ड निघतं. त्या पोराच्या बाजूने बघा. तीनदा चाललेली गोष्ट चौथ्यांदा एकदम गुन्हा कशी ठरली, हे त्याला खरंच कळत नाही. म्हणून पहिल्या सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत पहिल्या शिवीला हिरवं कार्ड निघालंच पाहिजे, मग ती यजमान गावच्या खेळाडूची असली तरी. यजमानाचीच असली तर उरलेल्या पंधरा संघांना पुढचं समजावत बसावं लागत नाही.

कार्ड कसं दाखवायचं तेही महत्त्वाचं आहे. शिट्टी, खूण, मग एक पाऊल मागे. पंच खेळाडूच्या अंगावर गेला की खेळाडूही अंगावर येतो. आवाज खालचा, वाक्य एकच: ‘शिवीसाठी हिरवं कार्ड.’ खुलासा नाही, उपदेश नाही. विचारायचं असेल तर ते फक्त कर्णधाराने, आणि तेही हात मागे बांधून. हातवारे करणारा माणूस लांबून भांडताना दिसतो आणि प्रेक्षक तेवढंच बघून उठतात. निर्णय खरोखर चुकला असेल तर सरपंच आणि दोन्ही पंचांनी एकत्र येऊन पुढची चढाई सुरू होण्याआधी तो बदलावा. चढाई सुरू झाली की विषय संपला. ओरडा वाढला म्हणून दोन चढायांनंतर बदललेला निर्णय बरोबर असला तरी विष कालवतो, कारण ओरडलं की मिळतं हा धडा दोन्ही संघ त्याच वेळी शिकतात.

तांत्रिक बारकावेही सुरुवातीला तपासून घ्या: वाढलेली नखं, कडी, अंगठ्या, अंगाला लावलेलं तेल. नियमात हे चालत नाही. तेल लावलेला गडी हातातून निसटला की बचावपटू चिडून केस किंवा बनियन धरतो, आणि तिथून हाणामारी दोन पावलांवर असते. चढाईपटूचं तोंड दाबून दम तोडणं, गळा आवळणं, पायांची कात्री घालणं हे सगळं नियमबाह्य आहे. ‘पकड जोरात होती’ म्हणून त्याचं कौतुक होऊ देऊ नका.

माईकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. समालोचन करणारा भाऊ बहुतेक वेळा मंडळाचाच उत्साही कार्यकर्ता असतो. गर्दी रंगात यावी म्हणून तो म्हणतो, ‘काय हो, अमुक गावचा वाघ आज शेळी झाला!’ टाळ्या पडतात. पण तो खेळाडू तेव्हा बाद होऊन कडेला मान खाली घालून बसलेला असतो, आणि त्याचे काका-चुलते दोराला टेकून उभे असतात. पुढच्या चढाईला तो कबड्डी खेळायला उतरत नाही, हिशेब चुकवायला उतरतो. समालोचकाला चार ओळींचा कागद लिहून द्या. गुण सांगायचा, खेळाडूचं नाव सांगायचं, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला सारखी दाद द्यायची, पंचाच्या निर्णयावर एक शब्दही बोलायचा नाही. ‘बोनस नव्हता असं मला वाटतं’ एवढं एक वाक्य भोंग्यातून गेलं की पंच संपला. खेळाडू बाद झाल्यावर डीजेवर चिडवणारं गाणं वाजवण्याची पद्धतही बंद करा. भोंगा रात्री १० नंतर कायद्यानेच बंद ठेवावा लागतो, तेव्हा अंतिम सामना त्या हिशेबाने लावा. घाईत उरकलेल्या अंतिम सामन्यात सगळेच चिडलेले असतात.

एक गोष्ट मात्र कार्डांच्या पायरीत बसवू नका. आपल्याकडे यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा या पट्ट्यात भिल्ल, पावरा, तडवी समाजाची पोरं उत्तम खेळतात. त्यांच्या बोलीची नक्कल, रंगावरून शेरे, जातीवरून शिवी हे ‘खेळातली गरमागरमी’ म्हणून खपवलं जातं. ते अजिबात खपवू नका. जातिवाचक शिवीला थेट लाल कार्ड, स्पर्धेतून बाद, आणि प्रेक्षकाने दिली तर सामना थांबवून त्याला बाहेर. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालापासून आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी जातीवरून केलेला अपमान त्याखाली गुन्हा ठरतो. हे संघांच्या बैठकीत स्पष्ट सांगा. ज्या पोराला शिवी बसली त्याच्याकडे मंडळाच्या अध्यक्षाने त्याच वेळी, सगळ्यांसमोर जावं. त्याला एकट्याला बाकावर बसवून ठेवू नका.

वादाचं दुसरं मोठं मूळ म्हणजे बाहेरचे खेळाडू. कुणीतरी जळगावहून दोन तगडे गडी आणतो, गावातल्या भलत्याच नावाने खेळवतो, आणि हरणारा संघ ते शेवटच्या पाच मिनिटांत उकरून काढतो. नियम काहीही ठेवा, बाहेरचे दोन चालतील किंवा एकही चालणार नाही. पण तो लेखी असू द्या. १२ खेळाडूंची यादी आदल्या दिवशी घ्या, नाणेफेकीआधी मूळ ओळखपत्र बघून लगेच परत करा, आणि हरकत घ्यायची तर ती नाणेफेकीआधीच, लेखी, ५०० रुपये भरून. हरकत खरी ठरली तर पैसे परत. सामना सुरू झाल्यावर आलेली हरकत ऐकूच नका. बरोबरी झाली तर ५-५ चढाया, गुण समान असताना साखळी फेरीतून पुढे कोण जाणार, हेही त्याच कागदावर आधी येऊ द्या.

क्रिकेटकडे वळू. टेनिस बॉलच्या स्पर्धेत फलंदाजी करणाऱ्या संघाचाच माणूस पंच म्हणून उभा राहतो, आणि शिवीगाळीची अर्धी तयारी तिथेच होते. बाहेरचे दोन पंच प्रत्येक सामन्याला परवडत नसतील तर गोलंदाजाच्या टोकाला बाहेरचा पंच ठेवा, आणि स्क्वेअर लेगला त्या वेळी न खेळणाऱ्या तिसऱ्या संघाचा माणूस. प्रत्येक संघाला एका सामन्याची अशी ड्युटी द्या. न आल्यास अनामत रक्कम जप्त. जो पोरगा एकदा धावबादचा निर्णय देऊन शिव्या खातो, तो पुढच्या सामन्यात पंचाशी वेगळं वागतो. हे हमखास घडतं, आणि म्हणूनच ही ड्युटी कर्णधारांना स्वतः करायला लावा.

वाइडची रेषा मारा. मधल्या स्टंपपासून ऑफ साइडला ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर, हे मर्यादित षटकांच्या सामन्यांतलं प्रचलित माप आहे. लेग साइडला काय धरणार तेही सांगून टाका.

शिक्षेसाठी नवं काही शोधायची गरज नाही. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लब) नियमांत ऑक्टोबर २०१७ पासून ४२ वा नियम खेळाडूंच्या वर्तनाचा आहे. पहिली पातळी: निर्णयावर नाराजी दाखवणं, शिवी, अति अपील, अपील करत पंचावर धावून जाणं. यावर आधी ताकीद, आणि त्याच संघाकडून पुन्हा घडलं तर समोरच्या संघाला ५ धावा. दुसरी पातळी: गंभीर नाराजी, दुसऱ्या खेळाडूला मुद्दाम धक्का, अंगावर चेंडू फेकणं. यावर थेट ५ धावा. तिसरी: पंचाला दटावणं किंवा खेळाडूला मारण्याची धमकी. यावर ५ धावा आणि डावाच्या एकपंचमांश षटकांसाठी मैदानाबाहेर. तुमच्या ८ षटकांत हे सरळ २ षटकं धरा. चौथी: पंचाला धमकी, त्याच्या अंगाला हात, कुणालाही मारहाण. यावर ५ धावा आणि उरलेल्या सामन्यातून बाहेर. ८ षटकांच्या सामन्यात ५ धावा म्हणजे फार झालं. दोनदा दिल्या की कर्णधार स्वतःच आपल्या गड्याच्या तोंडावर हात ठेवतो.

चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉनस्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला, गोलंदाजाने धावबाद करण्यावरून हमखास जुंपते. १९४७ मध्ये सिडनीला भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असं बाद केलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. २०२२ मध्ये एमसीसीने ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या नियमात घातली. म्हणजे तो बाद आहे, आधी ताकीद देण्याची सक्ती नाही, आणि करणाऱ्याला चोर म्हणणं ही शिवीच आहे. हे नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांकडून वदवून घ्या.

प्रशिक्षकांसाठी एकच सूचना, पण ती पाळली गेली तर निम्मी कार्डं वाचतात. तापलेला पोरगा आधी दिसतो. शिट्टीनंतरही पकड सोडत नाही, उठताना समोरच्याला कोपर लावून उठतो, गुण गेल्यावर पंचाऐवजी गर्दीकडे बघतो. यातलं दोनदा दिसलं की टाइमआउट घ्या, प्रत्येक डावात दोन मिळतात, आणि त्याला बदला. त्याला शिव्या देऊन बाहेर काढू नका. पाण्याची बाटली द्या, शेजारी बसवा. जो प्रशिक्षक चुकीबद्दल स्वतःच्या खेळाडूचा सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, त्याचा संघ समोरच्यांनाही तसंच बोलतो. सरावातही आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बिनपंचाचा खेळ घ्या. ज्याला स्पर्श झाला त्याने स्वतःहून बाहेर जायचं, वाद झाला तर गुण समोरच्याला. १०-१४ वर्षांच्या पोरांना ही सवय पटकन लागते. विशीतल्यांना वेळ लागतो, पण लागते.

बक्षिसांत पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर कमी करा. पहिल्याला २१ हजार आणि दुसऱ्याला ५ हजार ठेवलं की अंतिम सामना पैशाचा होतो. तेच २६ हजार १४ आणि १२ असे वाटा. शिस्तबद्ध संघाचं बक्षीस उत्तेजनार्थाच्या रांगेत नको. त्याला घसघशीत रक्कम ठेवा, कार्डांच्या नोंदीवरून ठरवा, आणि समारंभात सर्वांत आधी द्या, गर्दी पांगायच्या आत. समारंभाआधी दोन्ही अंतिम संघांना आणि पंचांना एका पंगतीला बसवा. जानेवारी म्हणजे भरताचे दिवस. तीस माणसांना दहा किलो वांगी पुरतात. वांगी तुरकाठ्यांवर भाजायला दोन्ही संघांची दोन-दोन पोरं लावा. विस्तवाभोवती बसून साल सोलताना जेवढं बोलणं होतं तेवढं रांगेत उभं राहून हात मिळवण्यात होत नाही.

एवढं करूनही सामना थांबला तर? कागदावर असू द्या: सरपंचाने बोलावल्यावर ५ मिनिटांत जो संघ मैदानात येणार नाही तो पराभूत. मारहाण झाली तर त्याच रात्री सरपंचाचा लेखी अहवाल, दोन्ही कर्णधारांचं म्हणणं, आणि दोन्ही गावांबाहेरच्या तिघांच्या समितीचा निर्णय पुढच्या सामन्याआधी. समितीत राजकीय पुढारी नको. उद्या त्याला दोन्हीकडची मतं हवी असतात, मग निर्णय लांबतो.

आता मागच्या वर्षीचं. ते मिटवल्याशिवाय लॉट्स, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी त्या चिठ्ठ्या, काढू नका. ज्या पंचांची कॉलर धरली गेली त्यांच्याकडे आधी जा. त्यांचं मानधन राहिलं असेल तर ते घेऊन जा. मंडळाचा अध्यक्ष आणि दोन्ही गावांचे कर्णधार, तिघंच. सोबत जीपभर माणसं नकोत, फोटो नकोत. कर्णधारांनी माफी मागायची, स्पष्ट शब्दांत, ‘पण’ न लावता. मग यंदाचं निमंत्रण द्यायचं, सरपंच म्हणून. ते नाही म्हणाले तर मान ठेवायचा आणि उद्घाटनाला पाहुणे म्हणून बोलवायचं. परतीच्या वाटेवर दोन्ही कर्णधार एकाच गाडीत असतील असं बघा. त्यांच्या अबोल्याचं काय ते त्या तासाभरात त्यांचं ते बघतील. दोन्ही संघांना लॉट्समध्ये वेगवेगळ्या अर्ध्या भागांत टाका, म्हणजे गाठ पडली तर अंतिम सामन्यातच पडेल, आणि तोवर सोळाही संघांनी तीन दिवस हे पंच, ही कार्डं आणि ही रेषा बघितलेली असेल.